मॉरिसचा श्वास

नागपूरजवळच्या वाडीला अमरावती रोडवर शालिकराम मिस्तरीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार बल्ल्या, वर टिनाचं छप्पर आणि खाली ऑइल पिऊन काळी झालेली जमीन. पण ट्रकवाले त्याला मानायचे. त्याच्या दारात ढकलत आणलेली गाडी ढकलतच परत न्यावी लागली, असं सहसा घडत नसे, आणि ही गोष्ट तो कोणाला विसरूही देत नसे. त्र्याहत्तर सालच्या श्रावणात धंतोलीच्या डॉक्टर सिंधूताई परांडेंनी आपली मॉरिस सुरू करून द्यायला त्याला बोलावणं पाठवलं, तेव्हा बायकोपुढे त्याने छाती फुगवली.

"एवढुशी तं गाडी आहे वं गोपिका. हप्त्याभरात उभी करून देतो."

गोपिका भाकर थापत होती. वर न बघता म्हणाली, "बाईची गाडी आहे. मन लावून करजा."

हे सांगायची खरं तर गरज नव्हती. गोपिकाची पहिली दोन बाळंतपणं हातची गेली होती. तिसऱ्या खेपेला शालिकरामने धीरच सोडला होता. तेव्हा या बाई स्वतः मॉरिस हाकत वाडीला आल्या, उन्हाची सारी दुपार गोपिकाच्या उशाशी बसल्या आणि दिवस मावळायच्या आत एक रडती-ओरडती पोरगी त्याच्या हातात देऊन, चहासुद्धा न घेता निघून गेल्या. ती पोरगी आता सासरी नांदत होती. शालिकरामला मात्र धूळ उडवत गेलेली ती निळी गाडी अजून डोळ्यांपुढे दिसायची. बाईंचं आपण काही देणं लागतो, असं त्याला वाटायचं आणि ते द्यायचं कसं हे कळायचं नाही.

सिंधूताईंनी लग्न केलं नाही. बाईमाणूस मोटार चालवते हे बघायला लोक दुकानं सोडून रस्त्यावर येत, त्या काळात त्यांनी ही छत्तीस सालची मॉरिस घेतली आणि थेट कुहीच्या धानाच्या बांध्यांपर्यंत नेली. मग काचबिंदू झाला. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, पुढे सगळंच गेलं. गाडी अंगणातल्या शेडमध्ये कायमची उभी राहिली. आता पुण्याचा भाचा त्यांना न्यायला येणार होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचं रेल्वेचं रिझर्वेशनही झालं होतं.

"दिसायचं तर मला काही नाही," त्या शालिकरामला म्हणाल्या. "पण जायच्या आधी एकदा हिला ऐकायचंय. बस, तेवढंच."

शालिकराम कामाला लागला. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता, तो आधी हलवला. इंजिन उघडलं, रिंगा बदलल्या, व्हाल्व घासून बसवले. एकच गोष्ट सापडेना. कार्बोरेटर जागेवर नव्हता. गाडी बेवारशासारखी उभी असताना कोणीतरी तो काढून नेला होता. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाचं नाक. तिथून हवा आत जाते, पेट्रोलमध्ये मिसळते आणि इंजिन जगतं. शालिकरामला त्याची काही चिंता वाटली नाही. त्याने गॅरेजमधला जीपचा एक कार्बोरेटर घेतला, मध्ये लोखंडी पट्टी घालून भोकं जुळवली आणि ठोकूनठाकून बसवला. आपल्याकडे सगळ्या गाड्या अशाच चालतात. कोणाचं काय कोणाला लावलंय, हे विचारायची पद्धत नाही.

गाडी सुरू झाली. शालिकरामने बाईंना हात धरून आणलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. त्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, मान थोडी तिरपी केली आणि ऐकू लागल्या. रोग्याच्या छातीला नळी लावून त्या अशाच ऐकायच्या, हे गोपिकाने त्याला सांगितलं होतं.

"छान झालं," त्या म्हणाल्या. "फार मेहनत घेतलीस रे. जेवून जा."

शालिकराम हसणार होता, पण बाईंनी हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले होते. परक्याच्या घरी बसावं तशा त्या बसल्या होत्या.

"बाई, काही कमी राहिलं का? सांगा ना मले."

"कमी कसलं? छाती हिचीच आहे," त्या जरा थांबून म्हणाल्या. "श्वास दुसऱ्या कोणाचा तरी आहे. असू दे. इतक्या वर्षांनी एवढं झालं, हे काय कमी आहे?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शालिकरामने रागावणारी गिऱ्हाइकं पुष्कळ पाहिली होती. त्यांना तोंड कसं द्यायचं हे त्याला ठाऊक होतं. समजूत काढणाऱ्या माणसापुढे मात्र त्याचं काही चालेना. पानावरून तो अर्ध्यातच उठला.

घरी येऊन तो गोपिकाला म्हणाला, "बाईनं ओळखलं वं. जीपचं नाक लावून दिलं म्या."

"मंग तिचं नाक शोधा," गोपिका म्हणाली. "बाई तं तुमच्या घरी अर्ध्यावरून नव्हती गेली."

मग त्याची पायपीट सुरू झाली. दुपारपर्यंत ट्रकखाली लोळायचं आणि दुपारनंतर सायकल काढून भंगाराची दुकानं पालथी घालायची. मॉरिसला लागायचा तो कार्बोरेटर वेगळाच असतो. त्याच्या डोक्यावर पितळेचा एक घुमट असतो आणि त्या घुमटात एक दट्ट्या. इंजिन श्वास घेईल तसा तो दट्ट्या वरखाली होतो. असा कार्बोरेटर लोकांना दहा वर्षांत दिसला नव्हता. कोणी अँबॅसडरचा पुढे करी, कोणी फियाटचा. एका बहाद्दराने तर स्टोव्हची टाकी दाखवली. सर्वपित्री अमावास्या आली तरी शालिकरामच्या हाती काही लागलं नव्हतं आणि दसरा आता तोंडावर होता.

शेवटी तो इतवारीत ओमप्रकाशकडे गेला. भांड्यांच्या लायनीच्या मागे, जिथे हातगाडीसुद्धा तिरपी करून न्यावी लागते, तिथे ओमप्रकाशचं जुन्या पितळ-तांब्याचं दुकान होतं. त्याची दुकानातल्या मालाइतकीच जुन्या माणसांवरही नजर असे.

"मॉरिस?" ओमप्रकाश पान जुळवत म्हणाला. "अरे शालिक, एक मॉरिस तो देवाजी मिस्तरीनं तोडली होती ना. ठेकेदाराची. त्याचं सारं पितळ माह्याच काट्यावर आलं. पण ते घुमटवालं काही त्यानं देलं नाही बाप्पा. लय मांगलं मी. म्हणे, हे विकाचं नाही."

"देवाजी तं गेले ना?"

"हो, चार साल झाले. बायको आहे त्याची, इंदूबाई. जुन्या मंगळवारीत. जाऊन पाहून घे."

देवाजी मिस्तरीला शालिकरामने लहानपणी पाहिलं होतं. नागपुरातल्या अर्ध्या मिस्तऱ्यांचे ते उस्ताद. त्यांच्या बायकोला वहिनी म्हणायची रीतच होती. दुसऱ्याच दिवशी तो जुन्या मंगळवारीत पोचला. इंदूबाईंचं घर दोन खोल्यांचं, पुढे सारवलेलं अंगण. त्यांनी त्याला पाट दिला, चहा ठेवला आणि देवाजींचा कोण, कुठला, अशी चौकशी सुरू केली. शालिकराम उत्तरं देत होता आणि देता देता अडखळला.

अंगणाच्या भिंतीत एक कोनाडा होता. कोनाड्यात शेंदराने माखलेला देव बसला होता. गोल घुमटासारखं डोकं, चांदीचे दोन डोळे, तेलाने चकाकणारं अंग. पाठीमागे दिवा. गळ्यात झेंडूची माळ होती, पण ती माळ ज्याला अडकवली होती तो देवाचा हात नव्हता. तो अॅक्सिलेटरचा दांडा होता.

शालिकरामने बशी खाली ठेवली. त्याने नीट निरखून पाहिलं. बोल्टाची दोन भोकं शेंदराने बुजली होती, पण त्यांची जागा दिसत होती. हाच तो. सारं शहर धुंडाळलं आणि तो इथे उदबत्ती लावून घेत बसला होता.

घडलं होतं ते मिस्तरी लोकांतच घडू शकतं. दसऱ्याला पाने-पकडी पुजायची रीत तर सगळ्यांकडेच आहे. पण देवाजींच्या गॅरेजमध्ये कोणीतरी एका दसऱ्याला हा घुमट हत्यारांच्या मध्ये मांडला. मग दुसऱ्या दसऱ्याला मांडला, मग त्याला शेंदूर लागला, मग डोळे आले. ट्रकवाले लांबच्या फेरीआधी त्याच्यापुढे नारळ फोडू लागले. देवाजी गेल्यावर गॅरेज बंद झालं. हत्यारं कोणी कोणी नेली. देव इंदूबाईंनी पदरात घेऊन घरी आणला.

आता अशा घरी जाऊन मागायचं तरी काय? तुमचा देव द्या, माझ्या गाडीला लावायचाय, म्हणून? शालिकरामने चहा संपवला, देवापुढे हात जोडले आणि न मागताच घरी आला. गोपिकाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मांगून पाहा. नाही म्हणल्या तं नाही. पण न मांगता परत येऊ नोका."

दुसऱ्या खेपेला तो नारळ घेऊन गेला. नारळ वाढवला, पुन्हा हात जोडले आणि कोनाड्यापुढेच उभा राहिला. इंदूबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"एक विचारू का गा, शालिक? तू मघापासून देवाकडे पाहून राहिला का कारबोरेटरकडे?"

शालिकरामचा चेहरा पडला.

"मिस्तऱ्याची बायको होय मी," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं त्याइचे काळे कपडे धुतले. ते काय होय ते मले माहीत नसन का? सांग, काहून आला?"

मग शालिकरामने सगळं सांगितलं. सिंधूताईंचं, त्यांच्या डोळ्यांचं, पुण्याला जायचं. गोपिकाचं आणि त्या दुपारचंही सांगितलं. जीपचा कार्बोरेटर लावल्याचंही लपवलं नाही. "माह्या घरात लेकरू खेळलं ते त्या बाईमुळं," तो म्हणाला. "त्याइनं येवढीशी गोष्ट मांगतली, वहिनी. अन् मले ते बी धड देता नाही आली."

इंदूबाईंनी कोनाड्याकडे पाहिलं.

"दर शनिवारी तेल-शेंदूर करतो मी," त्या म्हणाल्या. "त्याइचाच हात लागलेला आहे त्याले. दुसरं काय राहिलं माह्यापाशी?"

"राहू द्या मंग, वहिनी. माहं चुकलं."

"चुकलं काहून? बस खाली." त्यांनी पदराने डोळे पुसले. "दसऱ्याच्या पूजेच्या आधी परत आणून देशीन?"

"माह्या लेकीची आन, आणून देतो."

"आन नोको घेऊ. आणून दे बस."

देव असा उचलून न्यायचा नसतो. इंदूबाईंनी हात-पाय धुतले, देवाला हळदकुंकू लावलं, ओवाळलं. गणपतीला निरोप देतात तशा अक्षता वाहिल्या आणि उजव्या हाताने त्याला जागेवरून जरासं हलवलं. आता तो जायला मोकळा होता. बाहेरगावी निघालेल्या माणसाच्या हातावर दही देतात. इंदूबाईंनी देवाच्या अंगाला दह्याचं बोट लावलं. आणि मग फडक्यात दहीभात बांधून ती शिदोरी शालिकरामकडे दिली. त्याने एका हाताने देव छातीशी धरला आणि शिदोरी हँडलला अडकवली. सायकल त्या दिवशी त्याने वाडीपर्यंत दुसऱ्या हाताने ढकलत नेली, कारण अशा वेळी सायकलवर टांग टाकणं त्याला बरं दिसेना.

गॅरेजमध्ये शालिकरामने रॉकेलचं घमेलं भरून ठेवलं. आधी त्याने चांदीचे डोळे काढून काडेपेटीत जपून ठेवले. मग घुमट रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने हळूहळू एकेक थर सोडवला. खालून पितळ निघालं, काल घडवल्यासारखं. इतक्या वर्षांच्या तेलामुळे त्याला गंज म्हणून शिवला नव्हता. आतला दट्ट्यासुद्धा बोटाने उचलला तर उठत होता आणि सोडला तर आपल्या चालीने खाली बसत होता. मोडीत निघालेले कितीतरी कार्बोरेटर त्याने पाहिले होते, पण इतकं जपलेलं दुसरं काही पाहिलं नव्हतं. घुमटाच्या बुडाशी खाचेत थोडा शेंदूर उरला. तो त्याने काढला नाही.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी तो धंतोलीला गेला आणि शेडमध्ये जीपचा कार्बोरेटर काढून त्या जागी देवाजींचा बसवला. बाईंचं सामान दिवाणखान्यात बांधून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, "आज पुन्हा कशाला आलास? दसऱ्याचा घरी नाही थांबायचं?"

"चाला ना जरा, बाई."

त्याने त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि स्टार्टर ओढला. मॉरिस दोनदा खाकरली आणि लागली. आधी मोठ्याने, मग एकदम लयीत. घुमटातून हवा आत ओढल्याचा बारीक, लांब सूर यायला लागला. बाईंची मान तिरपी झाली. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे करून डॅशबोर्ड चाचपला आणि त्यावर तळवा टेकवून ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"ही माझी आहे," त्या म्हणाल्या. "अगं बाई, ही माझीच आहे."

बरं वाटणं, बरं वाटणं म्हणतात, ते इतकं असतं हे शालिकरामला माहीत नव्हतं.

मग बाईंनाच हुरूप आला. "चल, काढ बाहेर. तू क्लच दाबायचा, गिअर मी टाकणार." आणि खरोखरच त्यांनी टाकला. गिअरचा दांडा दोघांच्या मध्ये होता. शालिकराम स्टिअरिंग धरून बसला, आणि बाई इंजिनाचा आवाज ऐकून "दाब" म्हणायच्या आणि दांडा अलगद पुढेमागे करायच्या. एकदाही दाते कुरकुरले नाहीत. रस्त्यात आपट्याची पानं विकणारे बसले होते, नव्या कपड्यांतली माणसं घोळक्याने चालली होती. ती बाजूला होऊन बघत होती. बाई प्रत्येक वळणाला विचारत, "आता कुठे आलो?" आणि शालिकरामने सांगायच्या आधीच स्वतः बरोबर सांगत. तलावाकाठी त्याने गाडी बंद केली, तेव्हा आतून दट्ट्या खाली बसल्याचा हलका टक आवाज आला. बाई खुदकन हसल्या. "आता झोपली बघ."

आणि मग त्यांनी विचारलं, "हा कुठे मिळाला रे तुला?"

शालिकरामने सांगितलं. बाईंचं हसू मावळलं.

"म्हणजे दुसऱ्याच्या देवघरातला देव काढून माझ्या गाडीला लावलास?"

"उसना आणला, बाई. आज पूजेच्या आधी परत द्याचा आहे."

"मग उठ. पूजेची वेळ होत आली असेल." त्यांनी स्वतःच दांडा सरळ केला. "मला ऐकायचं होतं, मी ऐकलं. गाडी तू ठेव, शालिकराम. जीपच्या नाकाने चालव, पण चालव. उभी नको ठेवूस. त्यांच्या घरी आधी घेऊन चल मला."

जुन्या मंगळवारीच्या गल्लीत मॉरिस शिरली तेव्हा दोन्हीकडे जेमतेम वीतभर जागा उरली. इंदूबाईंनी अंगण सारवून रांगोळी काढली होती. कोनाडा धुऊन, नवं लाल फडकं अंथरून मोकळा ठेवला होता. पूजेचं ताट तयार होतं. गाडीचा आवाज ऐकून त्या दारात आल्या आणि तिथेच चौकट धरून उभ्या राहिल्या.

शालिकराम उतरला. त्याने खिशातून काडेपेटी काढून त्यांच्या हातात दिली. "हे डोळे, वहिनी. जपून ठेवले. बाकी आत्ता काढून देतो." त्याने इंजिनावरचं झाकण उघडलं आणि पाना घेतला. इंजिन सुरूच होतं. ते बंद करायला तो वळणार, तेवढ्यात इंदूबाई पुढे झाल्या.

"थांब गा."

त्या वाकून पाहू लागल्या. घुमटाखाली खाचेत शेंदराची लाल रेघ दिसत होती. त्यांनी हळूच बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं. इंजिनाबरोबर त्यांचं बोट थरथरत होतं.

"गरम आहे," त्या म्हणाल्या.

गाडीतून सिंधूताई बोलल्या, "बाई, तुमचे माझ्यावर फार उपकार झाले. आता तुमचा देव तुम्ही घ्या. मला आणखी काही नको."

इंदूबाईंनी मान हलवली. सिंधूताईंना ती दिसली नाही, म्हणून मग बोलल्या. बोलल्या मात्र शालिकरामशी.

"जिते होते तवा घरात घडीभर टिकत नव्हते. जेवण झालं का चालले, कोणाची गाडी कोठी बंद पडली पाहाले. अन् मी आणून भिंतीत बसवून ठेवलं त्याइले. चार वर्षं एका जाग्यावर." त्यांनी बोट काढलं आणि कपाळाला लावलं. "एका जाग्यावर बसणारा माणूस नव्हता गा तो. ठेव तो पाना. फिरू दे."

शालिकरामने पाना खिशात टाकला आणि इंजिनावरचं झाकण लावलं. इंदूबाईंनी आत जाऊन पूजेचं ताट आणलं, गाडीला हळदकुंकू लावलं, ओवाळलं. सिंधूताईंच्या तळहातावर आपट्याचं पान ठेवलं आणि त्यांची मूठ मिटली.

"या ना, तुम्हीही बसा," सिंधूताई म्हणाल्या. "एक चक्कर मारू."

"मोटारीत? मी नाही बसली कधी. आमच्या नशिबी ढकलणं." पण बोलता बोलता त्यांनी दाराला कडी घातली. शालिकरामने पुढची सीट वाकवून वाट करून दिली. इंदूबाई मागे अंग चोरून बसल्या, आणि मग नवऱ्यासोबत गावाला निघाल्यावर घ्यावा तसा त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून नीट ओढून घेतला.

"चाल गा," त्या म्हणाल्या. "हळू घे. हे आहेत."